सतराच्या पुंजक्याची हकिगत

तीर्थरूप आत्या हिस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणायला म्हटलं. प्रत्यक्षात खुर्चीत बसूनच मान वाकवली आहे, कारण आमच्या खोलीत जमिनीवर वायरींचं जाळं आहे आणि त्यातली एक जरी ओढली गेली तरी तीन जणांची आठवड्याची मेहनत पाण्यात जाते.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून सांगितलं आणि तू त्याच डॉक्टरांना कठडा कसा धरायचा ते शिकवून आलीस, असं बाबांकडून कळलं. रक्तदाब काय म्हणतो? शेजारच्या काकू अजून रोज सकाळी दंड पुढे करून तुझ्या दारात उभ्या राहतात, की त्यांनी स्वतःचं यंत्र घेतलं? मी इकडे मजेत आहे. वेळेवर जेवते, वेळेवर झोपते, वजन होतं तेवढंच आहे. हे सगळं तू विचारायच्या आधीच लिहून टाकलं, म्हणजे तुझ्या उत्तरात दुसऱ्या गोष्टींना जागा राहील. आता फोन सोडून पत्र कशाला, असं तुझ्या मनात आलंच असेल. फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला "मुद्द्यावर ये" म्हणतेस, आणि हा मुद्दा असा आहे की त्याच्यापर्यंत पोचायला मला बरंच आडवाटेने यावं लागणार आहे.

आधी मी इथे नक्की काय करते ते एकदाचं सांगते. गेली पाच वर्षं तू लोकांना "आमची भाची गॅसमध्ये आहे" असं सांगतेस, आणि त्यातल्या दोघांनी मला शेगडीच्या नळीबद्दल सल्लाही विचारला आहे. आमचा गॅस वेगळा. एक चपटी पेटी असते, तिच्यात अरगॉन नावाचा वायू भरलेला असतो आणि आत केसाहून बारीक तारा ताणलेल्या असतात. या पेटीतून विद्युतभार असलेला एखादा कण आरपार गेला, की तो वाटेतल्या अणूंना धक्के देत जातो, आणि जिथे धक्का बसेल तिथल्या अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होतात. बहुतेक ठिकाणी एकच सुटतो, कुठे दोन-तीन, आणि क्वचित कुठेतरी पंधरा-वीसांची झुंबड उडते. अशा प्रत्येक घोळक्याला आम्ही पुंजका म्हणतो. तुझ्या धाकट्या जाऊबाई समारंभाच्या हॉलमध्ये एका दारातून शिरतात आणि दुसऱ्या दारातून बाहेर पडतात तेव्हा काय होतं ते आठव. त्या कुणाजवळ थांबतील याचा काही नेम नसतो, पण त्या गेल्यावर मागे ठिकठिकाणी माणसं कुजबुजत उभी असतात. कुठे एकटंच कुणी आ वासून, कुठे दोघं, आणि एखाद्या कोपऱ्यात अख्खं कोंडाळं. आम्हाला जाऊबाई दिसत नाहीत, फक्त कोंडाळी दिसतात, आणि ती मोजून बाई कुठून कशा गेल्या हे आम्ही सांगतो.

बरं, मी तर ही खरीखुरी कोंडाळीसुद्धा मोजत नाही. खरी पेटी तळमजल्यावर आहे आणि तिला हात लावायची परवानगी ज्या दोघांना आहे ते दोघंही एकमेकांशी बोलत नाहीत. मी दुसऱ्या मजल्यावर बसून कॉम्प्युटरमध्ये खोटा वायू भरते, त्यातून खोटा कण सोडते, आणि कॉम्प्युटर फासे टाकल्यासारखं ठरवत जातो की पुढचा धक्का किती अंतरावर आणि त्यात किती इलेक्ट्रॉन सुटले. असे दहा लाख कण सोडायचे आणि एकाचे पुंजके किती, दोघांचे किती, तिघांचे किती, याचा आलेख काढायचा. पुंजका जितका मोठा तितका तो दुर्मीळ, त्यामुळे आलेख डावीकडून उजवीकडे घसरगुंडीसारखा उतरत जातो. खऱ्या पेटीचा आणि माझ्या खोट्या पेटीचा आलेख जुळला की पुढची मोठी पेटी बांधायला हरकत नाही असं समजतात. बाबा याला "कॉम्प्युटरवर खेळत बसणं" म्हणतात, आणि मी आता त्यांच्याशी वाद घालणं सोडून दिलं आहे.

फाशांचं मात्र नीट समजून घे, कारण माझं घोडं तिथेच अडलं. कॉम्प्युटर अतिशय आज्ञाधारक असतो, त्याला लहर म्हणून येत नाही. म्हणून सुरुवातीला त्याला एक आकडा द्यावा लागतो. त्याला बीज म्हणतात. त्या बीजापासून तो पुढचे आकडे असे काढत जातो की बघणाऱ्याला ते लहरी वाटावेत. पण तेच बीज पुन्हा दिलं, तर तेच फासे त्याच क्रमाने पुन्हा पडतात. काम नवं असताना याची फार सोय होते, कारण एखादी चूक झाली तर तीच चूक पुन्हा घडवून बघता येते. म्हणून मी पहिल्या महिन्यात बीज कायमचं बांधून टाकलं. आधी स्वतःची जन्मतारीख दिली, तर चौथ्या मिनिटाला सगळं कोलमडलं. बाबांची दिली, तर सुरूच होईना. तुझी दिली आणि काम निमूटपणे शेवटपर्यंत चाललं. (घरी तरी यापेक्षा वेगळं काय होतं?) तेव्हा तीच ठेवली, आणि "सगळं जमलं की आत्याला काढणे" असं एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पडद्याच्या कडेला चिकटवली. ती पुढे कधीतरी पडली आणि झाडणाऱ्या मावशींनी केरात नेली.

आता आमचे सर. त्यांना आम्ही पाठीमागे दशांश म्हणतो. दोन दशांश स्थळं नसलेला आकडा त्यांना चालत नाही. "अर्ध्या तासात येते" म्हटलं की "म्हणजे किती मिनिटांत?" असं विचारतात, आणि एकतिसाव्या मिनिटाला दारात येऊन घड्याळाकडे बघत उभे राहतात. पाच वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलेलं नव्हतं. माझं लिखाण त्यांच्याकडून परत येतं तेव्हा त्यावर माझ्या निळ्या शाईपेक्षा त्यांची लाल जास्त असते. दोन महिन्यांनी ते निवृत्त होतायत. एकदा लिफ्ट बंद पडली म्हणून आम्ही दोघं जिना चढत होतो, तेव्हा दुसऱ्या वळणावर दम खायला थांबून ते आपणहून म्हणाले होते की चाळीस वर्षं दुसऱ्यांनी शोधलेले आकडे आपण जास्त अचूक करत आलो, स्वतःचं असं काही सापडलं नाही. मी त्यांची पिशवी धरली.

तर सहा महिन्यांपूर्वी काम अगदी जमलं, आणि मी दहा लाख कण सोडले. एवढे एका कॉम्प्युटरला झेपत नाहीत, म्हणून ते पाचशे ठिकाणी वाटून द्यायचे, प्रत्येकाकडे दोन हजार, आणि शेवटी सगळ्यांची बेरीज करायची. बेरीज केली, आलेख काढला, आणि बघते तर घसरगुंडीच्या मध्यावर एक टेंगूळ. सतरा इलेक्ट्रॉनांचे पुंजके आठ हजारांच्या आसपास यायला हवे होते, ते आले साडेतेरा हजार. मी शिव्या खायची तयारी ठेवून कागद सरांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. मग त्यांनी मला बसायला सांगितलं, जे त्या खोलीत आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. (तिथे दुसरी खुर्चीच नाही. त्यांनी पुस्तकांचा एक गठ्ठा माझ्याकडे सरकवला.) दहा लाखांत साडेतेरा हजार म्हणजे योगायोग असूच शकत नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. त्या दिवशी संध्याकाळी ते शीळ घालत घरी गेले.

त्यानंतर काय झालं म्हणून सांगू. अरगॉनमध्ये नेमके सतराच इलेक्ट्रॉन का सुटावेत याची सरांनी चौदा पानी उपपत्ती लिहिली. ती इतकी सुंदर आहे, आत्या, की मला निम्मीच कळली तरी मी ती लागोपाठ दोनदा वाचली. तिच्याप्रमाणे तेरा हजार चारशे यायला हवेत असं निघतं, म्हणजे जवळपास तंतोतंत. सर कॉरिडॉरमध्ये गुणगुणायला लागले. माझ्यासाठी दार धरायला लागले. (त्या दारात आम्ही दोनदा अडकलो, कारण त्यांना सवय नाही आणि मलाही नाही.) पुढच्या गुरुवारी मोठं संमेलन आहे, तीनशे माणसांपुढे त्यांचं भाषण ठरलं, आणि त्यासाठी त्यांनी नवे बूट घेतले. हे बूट इतके कुरकुरतात की सर दोन खोल्या पलीकडे असतानाच सगळे आपापल्या जागेवर जाऊन बसतात. त्यांच्या पत्नीचा मला फोन आला. म्हणाल्या, हे बऱ्याच दिवसांनी जेवताना बोलतात गं, तुझे फार उपकार आहेत. तुझ्या बंधुराजांनी तर कहरच केला. न्हाव्यापासून दाताच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं आहे की मुलीने सतरा शोधून काढला. सतरा काय, असं एकानेही विचारलं नाही म्हणे, सगळ्यांनी अभिनंदनच केलं. आणि मला दुसऱ्या एका प्रयोगशाळेत चांगली जागा मिळायचं घाटतंय. त्यासाठी सरांनी जे शिफारसपत्र लिहिलं आहे त्याच्या पहिल्या ओळीत सतरा आहे, शेवटच्या ओळीत सतरा आहे, आणि मधे माझ्या चिकाटीबद्दल दोन शब्द आहेत. माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरणही तेच. ते काढलं तर प्रबंधात वायूची ओळख आणि आभारप्रदर्शन तेवढं उरतं.

गेल्या शुक्रवारी सर म्हणाले, भाषणात दाखवायला दहा-बारा कणांच्या वाटांची चित्रं छापून आण, वेगवेगळी, म्हणजे लोकांना विविधता दिसेल. मी पाचशेपैकी कुठलीही बारा ठिकाणं निवडली आणि प्रत्येकातल्या पहिल्या कणाचं चित्र छपाईखोलीत पाठवलं. आणायला गेले तर बारा कागदांवर एकच चित्र. आमच्या छपाईखोलीच्या बाई तापट आहेत, पण त्या दिवशी मीही काही कमी तापले नाही. एकाच कागदाच्या बारा प्रती काढून ठेवल्यात, दहा वेळा सांगूनही लक्ष नसतं, असं बरंच काही बोलून घेतलं. बाईंनी शांतपणे बाराही कागदांच्या कोपऱ्यातले क्रमांक बोट ठेवून दाखवले. बारा वेगवेगळे क्रमांक. मग म्हणाल्या, मशीन तुम्ही देता तेच छापतं हो, त्याला स्वतःचं डोकं असतं तर ते इथे कशाला राहिलं असतं. मी कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. उन्हात बाराच्या बारा कणांचे ठिपके एकमेकांवर चपखल बसले होते. पाचवा पुंजका सगळीकडे सतराचा. माझ्या तोंडचं पाणी पळालं. बाईंनी खुर्ची पुढे केली, आणि पाणी दिलं.

तुझ्या लक्षात आलंच असेल. मी पाचशे कॉम्प्युटरांना काम वाटून दिलं आणि प्रत्येकाला तुझीच जन्मतारीख दिली. पाचशे जणांनी अगदी इमानाने तेच दोन हजार कण तसेच्या तसे सोडले. तुझ्या तारखेच्या फाशांत सतराचा पुंजका सोळाऐवजी सत्तावीस वेळा पडला होता. दोन हजारांत असं होतं, त्याला नशीब म्हणतात, कुणी ढुंकूनही बघत नाही. पण त्या सत्तावीसला पाचशेने गुणलं की साडेतेरा हजार होतात, आणि साडेतेरा हजारांना नशीब म्हणायची कुणाची छाती होत नाही. तरी मी आशा सोडली नव्हती. शनिवारी-रविवारी बसून प्रत्येकाला वेगळं बीज दिलं आणि पुन्हा दहा लाख सोडले. सतरा गुपचूप सोळा आणि अठराच्या मधे जाऊन बसला. सात हजार नऊशे साठ. टेंगूळ नाही, काही नाही, नुसती घसरगुंडी. मी तो आलेख आडवा धरून पाहिला, उलटा धरून पाहिला, आणि मग डबा उघडून सकाळी आठ वाजता दुपारचं जेवण जेवले.

हे घरात एकट्या तुलाच का लिहिते आहे, ते तुला सांगायला नको. ऑपरेशन थिएटरमध्ये तू मुख्य नर्स असताना रक्त टिपायच्या बोळ्यांतला एक कमी भरत होता, आणि ज्यांच्यापुढे अख्खं हॉस्पिटल चळाचळा कापायचं त्या सर्जनना तू टाके घालू दिले नाहीस, ही गोष्ट बाबांनी मला इतक्या वेळा सांगितली आहे की मी स्वतः तिथे हजर होते असं मला वाटतं. ते चिडले, हातातलं आपटलं, घड्याळ दाखवलं, आणि तू नुसती "मोजा" म्हणालीस. मला कायम प्रश्न पडतो की तेव्हा तुझे पाय कापत होते का. बाबा म्हणतात नव्हते. मला वाटतं त्यांनी विचारलंच नसेल.

असो. तर आज शुक्रवार, आणि आज सकाळी मी सरांच्या दारावर टकटक केली. आत गेले. बारा कागद टेबलावर मांडले, नवा आलेख शेजारी ठेवला, आणि एका दमात सगळं सांगितलं. बीज मी बांधलं, काढायला मी विसरले, आणि सतरा नाहीच आहे. कुठेही आवाज कापला नाही. सरांनी चष्मा काढला, खिडकीतून बाहेर पाहिलं आणि अतिशय मोकळेपणाने हसले. म्हणाले, बरं झालं आत्ताच कळलं, विज्ञानात असं चालायचंच, तू प्रामाणिकपणे सांगितलंस याचा मला अभिमान वाटतो. मग त्यांनी ती चौदा पानं स्वतःच्या हाताने फाडली, मला बिस्किटांचा डबा पुढे केला, आणि माझ्या शिफारसपत्रात आता सतराऐवजी सचोटीबद्दल लिहितो असं म्हणाले. मी दोन बिस्किटं खाल्ली. डोक्यावरचं ओझं उतरलं. तेव्हा माझी काळजी नसावी. गुडघ्याला जप, औषधं वेळेवर घे (हे मी तुला सांगावं याचं तुलाही हसू येईल), आणि जाऊबाईंना माझा नमस्कार सांग, पण त्यांच्याबद्दल वर काय लिहिलं आहे ते सांगू नकोस.

तुझी लाडकी (असा माझा समज आहे) भाची

ता. क. आत्या, शेवटच्या परिच्छेदात "असो" हा शब्द आहे ना, त्याच्यापुढचं सगळं खोटं आहे. म्हणजे आज शुक्रवार आहे हे खरं, आणि जाऊबाईंना नमस्कारही खरा. बाकी असं व्हावं अशी माझी इच्छा आहे. प्रत्यक्षात सोमवारपासून मी त्या दारापर्यंत चारदा गेले. पहिल्यांदा सरांनीच दार उघडून विचारलं की बूट फार कुरकुरतात का, आणि मी नाही म्हणाले. दुसऱ्यांदा त्यांच्या भाषणातले दशांश तपासायचं काम घेऊन परत आले, आणि लाज म्हणून नाही, आत्या, मी ते तपासून दिले. तिसऱ्यांदा कुरकुर जवळ येताना ऐकून मी रिकाम्या सिलिंडरांमागे उभी राहिले. चौथ्यांदा काय बोलायचं ते पाठ करून गेले, तर आत ते फोनवर पत्नीला विचारत होते की तू येशील का गं भाषणाला, पुढच्याच रांगेत जागा ठेवायला सांगतो. मी तशीच मागे फिरले. बुधवारी दुपारी ते निघतात. मी गप्प राहिले तर गुरुवारी तीनशे माणसांपुढे ते सतरा दाखवणार, आणि दोन-चार महिन्यांत कुणीतरी आपलं बीज बदलून बघेल आणि निवृत्त माणसाची छी-थू होईल. मी बोलले तर त्यांचं गुणगुणणं बंद होईल. दोन्ही माझ्याच हातून व्हायचं आहे, आणि मला दोन्ही होत नाहीये. म्हणून मुख्य विनंती अशी. हे पत्र तुला सोमवारी मिळेल. मंगळवारी सकाळी बरोबर दहा वाजता आमच्या विभागाच्या ऑफिसात फोन कर. (मोबाइलवर नको. तुझं नाव दिसलं की मी उचलणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.) मी धावत येईन. गुडघा, हवा, काही बोलू नकोस. थिएटरमधल्या आवाजात एवढंच विचार, "सांगितलंस का?" त्या आवाजाशी मला खोटं बोलता येत नाही. लेखी येतं, ते तू वर पाहिलंसच.

ता. क. दुसरा. हा वेगळ्या कागदावर लिहिते आहे, कारण मूळ पत्र आत्ता माझ्याकडे नाही. पाकीट चिकटवायला डिंक नव्हता. आमच्या मजल्यावर डिंक फक्त सरांच्या टेबलावर असतो. ते खोलीत नसतील असं बघूनच गेले होते, पण आज त्यांनी जुने बूट घातले आहेत, त्यामुळे ते कधी मागे येऊन उभे राहिले ते मला कळलंच नाही. माझ्या हातात एवढी पानं पाहून त्यांनी विचारलं, शेवटचं प्रकरण झालं वाटतं? माझ्या तोंडून हो गेलं. त्यांनी हात पुढे केला, आणि मी पानं दिली. आता मी माझ्या टेबलाशी बसले आहे आणि मधल्या पातळ भिंतीतून पान उलटल्याचा आवाज येतो आहे. आत्ता तिसरं उलटलं. त्यांचं दशांश हे नाव तिथे आहे. मी धावत जाऊन पानं हिसकावून घेऊ शकते. पहिल्या पानालाही घेऊ शकले असते. बसून राहिले आहे. याला सांगणं म्हणतात की नाही ते मला माहीत नाही. तू ठरव. माझे पाय मात्र कापतायत, हे लिहून ठेवते. आवाज थांबला. खुर्ची सरकली.

ता. क. तिसरा. खालचं अक्षर माझं नाही. लाल शाईवरून तुला कळेलच. सरांनी आधी वरचा वेगळा कागदही मागून घेऊन वाचला. मी एकही शब्द बदललेला नाही.

आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार. आपली ओळख नाही. हे प्रबंधाचं प्रकरण नव्हे हे पहिल्याच ओळीत लक्षात आलं, परंतु भाषा तिच्या प्रबंधापेक्षा पुष्कळ बरी असल्याने वाचत गेलो, त्याबद्दल क्षमस्व. काही दुरुस्त्या. मी पाच वर्षं हसलो नाही हे चूक आहे, ती येऊन ४.७५ वर्षं झाली. माझ्या खोलीत दुसरी खुर्ची आहे, ती पुस्तकांखाली आहे. बिस्किटांचा डबा नाही. उपपत्ती मी फाडलेली नाही आणि फाडणार नाही, कारण तिच्यात चूक एकही नाही, फक्त ज्याबद्दल ती आहे ती गोष्ट नाही. आपल्या भाचीचं शिफारसपत्र मी आज नव्याने लिहीन. सचोटीबद्दल लिहिता येईल असं मला वाटत नाही, कारण तिने मला सांगितलं की माझ्या हाती पडू दिलं हे ती स्वतःच ठरवू शकत नाही. चिकाटीबद्दल आणखी दोन शब्द घालीन.

आता मुद्दा. तिने सहा महिन्यांपूर्वी जो मूळ आलेख मला दिला, त्यात नुसता सतराच जागा सोडून नव्हता. एकोणीस फार खाली होता आणि बावीस फार वर. दहा लाख कण खरे असते तर असं होत नाही, हे मी चाळीस वर्षं विद्यार्थ्यांना शिकवत आलो आहे. भाषणासाठी मी जो आलेख केला आहे तो अठरापाशी कापला आहे. कापताना का कापतो आहे हे मी स्वतःला विचारलं नाही. ती चारदा दारापर्यंत आली हेही मला माहीत आहे, कारण दाराच्या काचेतून माणूस दिसतो. चारही वेळा ती आत येऊ नये असं मला वाटत होतं. तिसऱ्यांदा मी मुद्दामच बाहेर आलो आणि सिलिंडरांकडे न बघता पुढे गेलो.

तेव्हा मंगळवारचा फोन करू नये, त्याची गरज उरलेली नाही. संमेलनाला मी जाणार आहे. पूर्ण आलेख दाखवून ही सगळी हकिगत सांगायची असं आत्ता, या खुर्चीत बसून, मी ठरवलं आहे. परंतु तिथे तीनशे माणसं असतील, पुढच्या रांगेत माझी पत्नी असेल, आणि अठरापाशी कापलेला आलेखही माझ्या बॅगेत असेल. माझं भाषण गुरुवारी दहा वाजून पाच मिनिटांनी आहे. माझा मोबाइल नंबर खाली दिला आहे. कृपया नऊ वाजून पन्नास मिनिटांनी मला फोन करावा आणि तिला विचारणार होता तेच, त्याच आवाजात, मला विचारावं. मी उचलीन.